बाहीवरचा रंग किती जाड?

गुरुवार : युट्रेक्ट – ॲमस्टरडॅम

नेदरलँड्समध्ये मे महिन्यात असेन्शन डेचा गुरुवार सुट्टीचा असतो. शुक्रवारी रजा टाकली की सलग चार दिवस हाती येतात. मी आइंडहोव्हनला राहतो, ती युट्रेक्टला. कराडच्या मामीकडून तिचा बायोडेटा आला, दोन व्हिडिओ कॉल झाले, दोनदा कॉफी झाली आणि गाडी तिथेच अडली. घरून दर रविवारी फोन यायचा, "मग, काय ठरलं?" ठरवण्याइतकं काही कळलंच नव्हतं. मी मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारायचो, ती नेमकी उत्तरं द्यायची. घरी परतताना तिच्याबद्दलची माहिती वाढलेली असायची, ती मात्र होती तिथेच.

शेवटी तिनेच सुचवलं, "चार दिवस सुट्टी आहे ना? रोज सकाळी युट्रेक्ट स्टेशनवर भेटू, चित्रं बघू, रात्री आपापल्या घरी. बोलावंसं वाटेल तेव्हाच बोलू."

तिचं नाव इथे लिहीत नाही. ती वेंगुर्ल्याची, एवढं सांगायची तिची परवानगी आहे. वडील तिथल्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला त्यांनी गावातल्या किती पिढ्या बसवल्या, याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही. घरी एक लाकडी कपाट आहे, त्यात कॅलेंडरं, मासिकं, जुन्या दिवाळी अंकांमधून कापलेली चित्रं वर्षानुवर्षं जपून ठेवलेली. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट त्यांचा लाडका, पण त्याचं अस्सल चित्र त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. मुलगी नेदरलँड्सला आल्यावर तिने त्यांना त्याच्या एका चित्राचा फोटो पाठवला, 'ज्यू वधू'चा. त्यावर त्यांचा उलटा प्रश्न आला : "फोटोत बाही चपटी दिसते. प्रत्यक्षात रंग किती जाड आहे ते बाजूने बघून सांग." त्या दिवशी ती ऑफिसच्या घोळक्यासोबत होती, बाजूने काही बघितलं नव्हतं. प्रश्न तसाच राहिला होता.

चित्रांशी माझा संबंध इतकाच की सातवीत असताना शाळेची सहल औंधला गेली होती. तिथलं भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं. राजा स्वतः चित्रकार, त्याने राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतचं काम त्या आडगावात आणून ठेवलं. आम्ही पोरं त्या दालनांमधून पळत गेलो आणि यमाईच्या पायऱ्यांवर बोरं खात बसलो. हे मी तिला गाडीत सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हळहळली. "अरे, औंधला गेलास आणि बघितलं नाहीस?" म्हणाली. बोलता बोलता 'तुम्ही' गळून पडलं, ते आमच्या दोघांच्याही जरा उशिराच ध्यानात आलं.

राइक्सम्युझियमची इमारत १८८५ सालची, पिएर काउपर्स या वास्तुविशारदाची. इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. आत शिरताना उजव्या-डाव्या हाताने सायकली सुसाट जात असतात, कोणी पोरं घेऊन, कोणी भाजी घेऊन. मला हे फार आवडलं. पंढरपुरात देवळाच्या भिंतीला लागूनच बाजार असतो, तसं.

आत गेल्यावर तिने नियम सांगितला. वडिलांचा नियम : एका दिवसात तीनच चित्रं. आणि पाटी शेवटी वाचायची. "बाबा म्हणतात, पाटी आधी वाचली की डोळे मिटले."

मी तर पाट्या वाचणारा माणूस. कुठेही गेलो की आधी माहिती गोळा करतो, त्याने आधार वाटतो. पण ऐकलं.

पहिलं चित्र व्हर्मीरचं, दूध ओतणारी बाई. साधारण १६६० मधलं. जेमतेम दीड फूट उंचीचं आहे, आपल्याकडच्या देवघरातल्या तसबिरीएवढं. पहिल्या मिनिटात मला वाटलं, सगळं बघून झालं : बाई आहे, भांडं आहे, पाव आहे, खिडकी आहे. मी तिच्याकडे बघितलं. ती चित्राकडेच बघत होती. मग पुन्हा बघू लागलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

चार-पाच मिनिटांनी मला खिळा दिसला. बाईच्या मागच्या पांढऱ्या भिंतीत, वरच्या बाजूला, एक खिळा. त्याची सावलीसुद्धा आहे. मग खिळे उपटल्यावर गिलाव्यात उरतात तशी भोकं दिसली. खिडकीची एक काच फुटलेली आहे, तिथून आत येणारा उजेड बाकीच्या काचांमधून येणाऱ्या उजेडापेक्षा वेगळा आहे. पावाच्या कडांवर बारीक बारीक पांढरे ठिपके आहेत, पाव प्रत्यक्षात कधी असा ठिपक्या-ठिपक्यांचा नसतो, पण त्या ठिपक्यांमुळेच तो खरपूस वाटतो. आणि दुधाची धार. अख्ख्या चित्रात हलणारी वस्तू तेवढी एक.

"पाव शिळा आहे," ती हळूच म्हणाली.

"कशावरून?"

"इतके तुकडे करून ठेवलेत, आणि त्यात दूध. शिळ्या पावाचं काहीतरी गोड करतेय. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करून गूळ-तूप घालतात, तसलं."

चित्राच्या अभ्यासकांचंही बरंचसं तेच मत आहे, हे मला नंतर पाटीशेजारच्या पुस्तिकेत सापडलं. पण तिने ते स्वयंपाकघरातून ओळखलं होतं. मी इतका वेळ व्हर्मीर नावाच्या मोठ्या माणसाकडे बघत होतो आणि ती त्या बाईच्या हाताकडे.

त्या बाईच्या डोक्यामागे व्हर्मीरने आधी भांडी अडकवायचं एक फळकूट रंगवलं होतं, आणि खाली उजवीकडे एक विस्तवाजवळची टोपली. २०२२ मध्ये तपासणीत दोन्ही सापडलं. त्याने ती दोन्ही झाकून टाकली आणि भिंत रिकामी ठेवली. खिळा मात्र ठेवला. हे कळल्यावर मी परत जाऊन त्या भिंतीसमोर उभा राहिलो. रिकाम्या भिंतीवरही एवढी मेहनत घेतलेली असते हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसरं चित्र फ्रान्स हाल्सचं, १६२२ च्या सुमाराचं, इसाक मासा आणि त्याची बायको बिआट्रिक्स. दोघं झाडाखाली बसली आहेत, जरा रेललेली, आणि चक्क हसताहेत. त्याने हात छातीशी नेलाय, तिने हात त्याच्या खांद्यावर टाकलाय, बोटातली अंगठी दिसेल असा. लग्नाचा फोटो काढताना आपल्याकडे अजूनही माणसं ताठ उभी राहतात. चारशे वर्षांपूर्वी हे दोघं असे मोकळे बसले कसे, यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिचं म्हणणं, चित्रकाराने त्यांना हसवलं असणार. माझं म्हणणं, ते आधीच हसत आले असणार.

तिसरं रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच', १६४२. गेली काही वर्षं त्याची तपासणी आणि डागडुजी लोकांसमोरच काचेच्या खोलीत चालू आहे. गर्दी मुंगीला वाट मिळणार नाही इतकी. १७१५ साली ते नगरभवनात नेताना जागेत मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलं, डावीकडची दोन माणसं गेलीच. तेवढं ऐकून दोघांनाही तिथे फार थांबवेना.

'ज्यू वधू'समोर सहलीचा मोठा गट उभा होता. ती टाचा उंचावून बघत होती, मग म्हणाली, "असं नको. रविवारी दार उघडताच येऊ."

बाहेर हिरवळीवर बसून तिने डबा उघडला, थालीपीठ आणि लसणाची चटणी. मी दुकानातून दोन सँडविच घेतले होते, ते पिशवीतच राहिले.

शुक्रवार : हार्लेम

पाऊस. ॲमस्टरडॅमला गाडी बदलून हार्लेम, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं. फ्रान्स हाल्सचं संग्रहालय ज्या वास्तूत आहे ते सतराव्या शतकात म्हाताऱ्या पुरुषांसाठीचं आश्रयगृह होतं. मधोमध चौक, भोवती बुटकी घरं. त्या आश्रयगृहाचा कारभार पाहणाऱ्या बायकांचं चित्र हाल्सने १६६४ साली रंगवलं, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती आणि गावाने बांधून दिलेल्या पेन्शनवर त्याचं चाललं होतं.

आज एकच चित्र पुरलं. पाच बायका, सगळ्या काळ्या कपड्यांत, पांढऱ्या कॉलरी. मला पहिल्यांदा सगळं काळं सपाट वाटलं. तिने मला एकाच बाईचा खांदा ते कोपर एवढाच भाग बघायला लावला. हळूहळू त्यात तव्याच्या बुडाचा काळा दिसला, मग काजळाचा, मग जरा निळसर, आजीच्या चंद्रकळेचा, धुऊन धुऊन विटलेला. व्हॅन गॉगने एका पत्रात लिहिलंय की हाल्सकडे सत्तावीस प्रकारचे काळे होते. मी अकरापर्यंत मोजले. तिचे चौदा झाले. यावर आम्ही खरंच वाद घातला, बोटं हवेत दाखवत, आणि तिथल्या रखवालदार बाईंनी आम्हाला दोन पावलं मागे सरायला सांगितलं. ती हसली, मीही. ओळख झाल्यापासूनची सगळ्यात मोकळी घटका ती होती.

आणि नेमकं त्यानंतर ते झालं. चौकात आलो तर समोरून आइंडहोव्हनचं एक मराठी जोडपं. गणपतीत, संक्रांतीत भेटणारी, चांगली माणसं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अरे वा, ओळख करून दे की!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ही माझी मावसबहीण. युट्रेक्टला असते."

ती त्यांच्याशी नीट बोलली. पावसाबद्दल, वेंगुर्ल्याबद्दल. वहिनींनी हळदीकुंकवाला यायचं आमंत्रण दिलं, तिने मान डोलावली. ते गेले आणि ती छत्री उघडून चालू लागली. स्टेशनपर्यंत एक शब्द नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. गाडीत तिने खिडकीबाहेर बघितलं, मी समोरच्या सीटच्या पाठीकडे.

मला सबंध वेळ वाटत होतं, झालं, संपलं. उद्याचं नको म्हणेल. युट्रेक्टला उतरताना ती म्हणाली, "उद्या आठ दहाची." आणि गेली.

रात्री झोप आली नाही. माझ्या आईलाही मी हेच करताना पाहिलंय, अडचणीच्या क्षणी चटकन जवळचं, सोपं खोटं सांगून मोकळं व्हायचं. आम्ही त्याला घरात 'वेळ मारून नेणं' म्हणतो. वेळ मारली जाते खरी, पण ती कोणाच्या तरी डोक्यावर.

शनिवार : द हेग आणि डेल्फ्ट

गाडी सुटताच मी बोललो. "काल मी खोटं बोललो. घाबरलो होतो."

"कशाला?"

"उद्या आपलं नाही जमलं, तर मंडळात तुझ्या नावाने चर्चा होईल असं वाटलं."

ती थोडा वेळ गप्प होती. "माझ्या नावाची काळजी करायची असेल तर आधी मला विचारायचं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आणि मला सगळ्यात काय लागलं माहितेय? आपण नुकते काळे मोजत होतो. इतकं बारीक बघत होतो. आणि बाहेर येऊन तू मला एका फटक्यात रंगवून टाकलंस."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही. चूक झाली, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "बरं." पुढे गाडी गावांमधून, गायींच्या कुरणांमधून जात राहिली, पण कालची शांतता आणि ही शांतता यांत फरक होता.

हेगचं माउरिट्सहाउस संग्रहालय तळ्याकाठी आहे. राइक्समधून इथे आलं की वाड्यातून घरात आल्यासारखं वाटतं, छोटी दालनं, भिंतींना रेशमी कापड. तीन चित्रं ठरवून आलो होतो.

कारेल फाब्रिट्सियसचा पक्षी, १६५४. वहीच्या पानापेक्षा थोडंसं मोठं चित्र. पांढरट भिंत, भिंतीवर दाण्याची पेटी, त्यावरच्या दांडीवर बसलेला गोल्डफिंच, आणि पायापासून निघालेली बारीक साखळी. असे पक्षी तेव्हा घरोघरी पाळत. त्यांना अंगुस्तानाएवढ्या बादलीतून स्वतःचं पाणी ओढायला शिकवत, म्हणून डच भाषेत त्याचं नावच पाणी ओढणारा असं आहे. लांबून तो इतका जिवंत वाटतो की आता मान वळवेल. जवळ गेलं की पंख म्हणजे ब्रशाचे पाच-सहा ओले फटकारे, पिवळ्या पट्ट्यावर ब्रशाच्या मागच्या टोकाने ओढल्यासारखी रेघ. फाब्रिट्सियस रेम्ब्रांटचा शिष्य. ज्या वर्षी हे चित्र काढलं त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला डेल्फ्टमधलं दारूगोळ्याचं कोठार उडालं, शहराचा मोठा भाग कोसळला, त्यात तो गेला. वय बत्तीस.

"माझ्याएवढा," मी म्हणालो.

तिने माझ्या बाहीला बोट लावलं, क्षणभरच, आणि काढून घेतलं.

वरच्या मजल्यावर व्हर्मीरची मोत्याची कुडी घातलेली मुलगी. इथेही गर्दी, सगळ्यांचे फोन वर. आम्ही कडेला उभे राहून वाट पाहिली. हे चित्र १८८१ मध्ये हेगच्या एका लिलावात दोन गिल्डर आणि वर तीस सेंटला गेलं, इतकं ते मळलेलं होतं. घेणाऱ्याने पुढे ते संग्रहालयाला देऊन टाकलं. मुलगी आणि मी यांच्यामधली एक गोष्ट मला सांगायची आहे. तो मोती म्हणजे रंगाचे दोनच ठिपके आहेत. वर पांढराशुभ्र एक, खाली कॉलरचा उजेड पडलेला धूसर दुसरा. मोत्याला कानात अडकवायची कडी रंगवलेलीच नाही. मध्ये काही नाही, आणि आपण तिथे गोल, जड, थंड मोती बघतो. मोती आपलेच डोळे पुरा करतात. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, "हे तू पाटी न वाचता बघितलंस." त्या शाबासकीने मला शाळकरी पोरासारखं वाटलं.

त्याच दालनात व्हर्मीरचा 'डेल्फ्टचा देखावा' आहे. पुढचं शहर ढगाच्या सावलीत, मागे चर्चचा मनोरा उन्हात. ऊन चित्रात पुढे यायला हवं असं आपल्याला वाटतं, त्याने ते मागे ढकललं, त्यामुळे डोळा गल्ल्यांमधून आत आत जातो. हे बघूनच आम्ही डेल्फ्टची गाडी धरली, जेमतेम पंधरा मिनिटं.

डेल्फ्टमध्ये होइकाडे नावाचा धक्का आहे, चित्र तिथून घेतलेलं. आज वेशी नाहीत, मनोऱ्याचा कळसही नंतर बदललेला, पण पाणी तेच वळण घेऊन जातं. व्हर्मीर याच गावात जन्मला, इथेच १६७५ मध्ये वारला, कर्जात, अकरा मुलं मागे ठेवून. त्याच्या बायकोने पाववाल्याची उधारी भागवायला दोन चित्रं त्याच्या हवाली केली. त्याची जेमतेम पस्तीस-सदतीस चित्रं जगात उरली आहेत आणि डेल्फ्टमध्ये एकही नाही.

धक्क्यावर बसून आम्ही किबलिंग खाल्लं, माशाचे तळलेले तुकडे. तिचं मत स्पष्ट होतं : पीठ जास्त, मासा कमी, तिरफळं नाहीत. मग तिने तिच्या गावातल्या डचांची गोष्ट सांगितली. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. जांभ्या दगडाची ती पडकी वखार अजून उभी आहे, झाडं उगवलेली. "लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो," ती म्हणाली. "डच म्हणजे कोण ते माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं डच हे कुणाचं तरी आडनाव."

तिने आईने सकाळीच पाठवलेला व्हिडिओ दाखवला. मे महिना, अंगणात आमसुलांची धांदल. सुपात रातांबे ओतलेले, अख्खे असताना काळपट जांभळे, जवळजवळ गंभीर. आणि शेजारी आईच्या हातातला फोडलेला, सालीची कड अशी लाल की फोनच्या पडद्यावरही डोळ्याला भिडली. मी तो व्हिडिओ दोनदा बघितला. घाटावरच्या माणसाला आमसूल वाण्याच्या पुडीतलं, वाळलेलं. फळ असं दिसतं हे मला तिने दाखवेपर्यंत माहीत नव्हतं.

उन्हं कलल्यावर ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. बायोडेटात नाहीये ते." चार वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा झाला होता. तारीख ठरली, हॉल ठरला, आणि मोडलं. का, ते ती सविस्तर बोलली. ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी म्हणाली, "त्या दूधवालीच्या मागचं फळकूट आठवतंय? घरच्यांनी सांगितलं, ते झाकून टाक, भिंत स्वच्छ दिसू दे. मीही झाकलं. पण कुणीतरी कधीतरी तपासणारच ना. त्यापेक्षा मीच दाखवते."

दोन महिन्यांपूर्वी मी यावर लगेच दहा प्रश्न विचारले असते. आज मी पाण्याकडे बघत बसलो. ती बोलेल तसं ऐकलं, ती थांबली तेव्हा थांबलो. अंधार पडायला इथे मे महिन्यात दहा वाजतात. आम्ही बराच वेळ तिथे होतो.

रविवार : पुन्हा ॲमस्टरडॅम

नऊला दार उघडलं तेव्हा आम्ही रांगेत पुढे होतो. खालच्या कोटखोलीत न थांबता थेट वर. 'ज्यू वधू'समोर कोणी नव्हतं. रेम्ब्रांटने हे साधारण १६६५ नंतर केलं, शेवटच्या वर्षांत, दिवाळं निघून घर विकलं गेल्यानंतर.

एक पुरुष, एक बाई. त्याचा एक हात तिच्या खांद्यामागून आलेला, दुसरा तिच्या छातीवर सपाट ठेवलेला, दाबून नाही, विचारून ठेवल्यासारखा. तिच्या बोटांची टोकं त्या हाताला लागलेली. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. तो किंचित तिच्या बाजूला झुकलाय, तिची नजर कुठेतरी बाहेर, तिच्याच विचारांत. मला आधी वाटलं, दोघं जरा उदास आहेत. मग वाटलं, नाही, ती ऐकताहेत. हातातून ऐकताहेत.

मग आम्ही कामाला लागलो. ती डाव्या बाजूला गेली, जवळजवळ भिंतीला टेकली, एक डोळा मिटला. मी रखवालदाराच्या नजरेचा अंदाज घेत तिच्या मागे. बाजूने बघितल्यावर ती सोनेरी बाही चित्र राहिली नाही, जमीन झाली. उंचवटे, दऱ्या, वरवंड्याने वाटण ओढल्यावर मागे उरतात तशा कडा. ब्रशाचं काम वाटतच नव्हतं, थापीने गिलावा ओढावा तसा रंग ओढलेला, मध्येच खरवडलेला, आणि प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर वरच्या दिव्याचा उजेड थांबलेला. म्हणजे त्या कापडावरचा अर्धा झळाळ रंगाचा आहे, अर्धा त्या खोलीतल्या उजेडाचा. छपाईत तो येणं शक्यच नाही. वेंगुर्ल्यात कपाटाशी बसून एका माणसाने हे ओळखलं होतं.

"किती जाड म्हणू?" ती कुजबुजली.

"मोहरीच्या दाण्याएवढा. काही ठिकाणी त्याहून जास्त."

तिने पुन्हा बघितलं. "बरोबर आहे. मोहरी. बारीक राई नव्हे, मोठी."

मग पाटी वाचली. 'ज्यू वधू' हे नाव एकोणिसाव्या शतकात कोणीतरी चिकटवलेलं. आता हे दोघे बायबलमधले इसाक आणि रिबेका मानतात. परक्या मुलखात राहायला गेल्यावर इसाक घाबरला की हिच्यापायी लोक आपल्याला मारतील, म्हणून त्याने सगळ्यांना सांगितलं, ही माझी बहीण. पुढे राजाने खिडकीतून त्यांना एकत्र पाहिलं आणि खोटं उघडं पडलं. रेम्ब्रांटच्या एका रेखाटनात तो बघणारा राजाही आहे. चित्रात त्याने तो ठेवला नाही. खिडकीत आता आपण उभे.

मी वाचून तिच्याकडे बघितलं. तिने वाचून माझ्याकडे. माझे कान तापले. तिचे ओठ आवळलेले होते, मग सुटले.

"निदान मामेबहीण तरी म्हणायचंस," ती म्हणाली.

आमच्याकडे सातारा-कराडच्या बाजूला मामाच्या मुलीचा अर्थ काय होतो, ते मराठी वाचकाला सांगायला नको. मी तिथे, त्या दालनात, मोठ्याने हसलो.

आम्ही समोरच्या बाकावर बसलो. १८८५ मध्ये हे संग्रहालय नुकतं उघडलं होतं तेव्हा व्हॅन गॉग मित्राबरोबर आला आणि या चित्रासमोरून हलेना. म्हणाला, वाळल्या पावाच्या तुकड्यावर चौदा दिवस इथे बसायला मिळालं तर आयुष्यातली दहा वर्षं देईन. तीन दिवसांपूर्वी मला हे वाक्य अतिशयोक्तीचं वाटलं असतं.

अकराच्या सुमाराला आम्ही खाली आलो आणि मोठ्या दालनात तिने घरी फोन लावला. तिकडे अडीच वाजले होते, वडील जेवून आरामखुर्चीत. तिने स्पीकरवर ठेवला, आवाज बारीक करून.

"काय गो? गेलंस?"

"गेलंय बाबा. बाजूने बघितलं आम्ही."

'आम्ही' त्यांना ऐकू गेलं असणार. पलीकडे एक श्वासाचं अंतर पडलं. मग ते म्हणाले, "जाड किती आसा ता सांग आधी."

तिने सांगितलं. मोठी मोहरी, गिलाव्याची थापी, माथ्यावर थांबलेला उजेड. ते मध्येमध्ये "हां… हां" करत होते, लिहून घेत असावेत, पानाचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि तिच्या कपड्याचो लाल? माझ्याकडच्या छापात तो विटकरी आलाय. मला कधी पटलो नाय."

तिने फोन माझ्या हातात दिला. "तू सांग."

"नमस्कार काका," मी म्हणालो. घसा कोरडा पडला होता. त्यांना मी काय सांगणार? मग डोळे मिटले आणि तो झगा आठवला. "विटकरी नाही. शेंदरीही नाही. खाली दाट आहे आणि वर पातळ, आतून उजेड येतो तसा." थांबलो. कालचा व्हिडिओ डोळ्यापुढे आला. "रातांब्यासारखा आहे, काका."

पलीकडे शांतता. मग त्यांचा आवाज बदलला, आतापर्यंतचा बेतशीर शिक्षकाचा सूर गेला.

"रातांबो? फोडलेलो काय अख्खो?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने खांदे उडवले, ती काही सांगणार नव्हती.

"जरा थांबा काका," मी म्हणालो, "बघून येतो," आणि फोन तिच्या हातात देऊन जिना चढायला लागलो.